सापडणे आणि सांगणे : माहितीच्या शोधाचा एक पाठ

विषयप्रवेश

पावसाळ्याच्या आरंभी इयत्ता सहावीच्या वर्गात शिक्षकांनी 'पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे?' हा प्रश्न घरून लिहून आणण्यास दिला, अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या वहीत अत्यंत ओघवत्या भाषेत लिहिलेले उत्तर आढळते. त्यात असे एक वाक्य असते की, पाण्यात तुरटी फिरविल्याने त्यातील सर्व रोगजंतू मरतात. उत्तराखाली एका ग्रंथाचे नाव व पृष्ठांकही दिलेला असतो. चौकशी करता कळते की, वडिलांच्या मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास प्रश्न विचारून ते उत्तर उतरवून घेतले आहे.

ह्या उत्तरातील ते वाक्य चुकीचे आहे. तुरटीमुळे पाण्यातील गढूळपणा तळाशी बसतो व त्याबरोबर काही जंतूही खाली जातात. परंतु पाणी रोगजंतुरहित होत नाही. त्यासाठी ते उकळावे लागते अथवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीनयुक्त औषध टाकावे लागते. उत्तराखाली दिलेला ग्रंथ शोधू गेल्यास तोही कोठे आढळत नाही. वहीतील अक्षर सुंदर, भाषा शुद्ध, आधारही दिलेला. आणि तरीही त्या उत्तरावर विसंबून एखाद्या घरी केवळ तुरटी फिरविलेले पाणी प्यावयास दिले गेले, तर मुले आजारी पडावयाची.

अशा प्रसंगी शिक्षकाने काय करावे? यंत्रास हातच लावू नये असे सांगणे सोपे आहे, परंतु ते पाळले जाणार नाही. यंत्र सांगते ते खरे मानावे, असे तर सांगताच येत नाही. ह्या दोहोंमधील मार्ग ग्रंथपालांनी फार पूर्वीच आखून ठेवला आहे. माहिती कशी सापडते, सापडलेली माहिती किती कामाची आहे हे कसे मोजावे आणि सांगितलेल्या गोष्टीचा आधार कसा तपासावा, ह्यांचा शास्त्रशुद्ध विचार ग्रंथालयांतूनच सुरू झाला. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा थोडक्यात परिचय करून देऊन, कोणत्याही यंत्राशिवाय वर्गात घेता येईल असा एक पाठ सुचविला आहे.

ग्रंथ ठेवणे आणि ग्रंथ सापडणे

कपाटात शंभर पुस्तके असली तर हवे ते पुस्तक नजरेने शोधता येते. एक लक्ष पुस्तके झाली म्हणजे केवळ नजर पुरत नाही, व्यवस्था लागते. अमेरिकेतील ग्रंथपाल मेल्विल ड्यूई ह्यांनी १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून दशांश पद्धतीने ग्रंथांना क्रमांक देण्याची योजना प्रसिद्ध केली. ह्या योजनेमुळे एका विषयाचे ग्रंथ एकत्र येऊ लागले.

परंतु एकाच ग्रंथात अनेक विषय असतात, ही अडचण उरली. भाताच्या रोगांवरील पुस्तक शेतीत ठेवावे की वनस्पतिशास्त्रात? ह्या प्रश्नाचे एक मौलिक उत्तर भारतातून मिळाले, आणि ते देणारा गृहस्थ मूळचा शिक्षक होता. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी त्यांचे मन त्या कामात रमेना व त्यांना पुन्हा वर्गाकडे परतावेसे वाटे. पण ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला गेल्यावर त्यांची दृष्टी पालटली. तेथील एका दुकानात त्यांनी सुट्या पट्ट्या व स्क्रू जोडून नाना आकार बनविण्याचे एक खेळणे पाहिले. त्यावरून त्यांना सुचले की, विषयास एक ठरीव घर न देता, त्याचे पैलू वेगळे करून ते क्रमांकात जोडावे. भात, त्याचा रोग, त्यावरील उपाय, प्रदेश आणि काळ असे पैलू द्विबिंदूसारख्या चिन्हांनी जोडून विषय व्यक्त करण्याची त्यांची पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्या सूत्रांचा गाभा होय.

कोणती पद्धती अधिक चांगली?

विसाव्या शतकाच्या मध्यास अशा अनेक पद्धती प्रचारात आल्या. प्रत्येक पद्धतीचे पुरस्कर्ते आपलीच पद्धती श्रेष्ठ असे मोठ्या आवेशाने प्रतिपादन करीत; परंतु प्रत्यक्ष मोजून कोणी पाहिले नव्हते. ते काम इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन ह्यांनी हाती घेतले.

पहिल्या प्रयोगात त्यांनी विमानविद्येवरील १८,००० लेखांच्या चार निरनिराळ्या पद्धतींनी नोंदी करविल्या. त्यांत दशांश वर्गीकरणातून निघालेली एक पद्धती होती, विषयांची अकारविल्हे सूची होती, रंगनाथन ह्यांच्या विचारावर आधारलेली पैलूंची पद्धती होती आणि केवळ सुटे शब्द नोंदण्याची एक नवी पद्धती होती. नंतर शेकडो प्रश्न विचारून प्रत्येक पद्धतीने अपेक्षित लेख सापडतो की नाही, ते पाहिले. चारही पद्धतींचे यश शेकडा सुमारे ७४ ते ८२ ह्या दरम्यान भरले. ज्या भेदांवरून एवढे वाद माजले होते ते भेद प्रत्यक्षात अल्प ठरले.

ह्या प्रयोगावर आक्षेपही आले. प्रश्न ज्या लेखावरून बनविला तोच लेख शोधावयाचा, ही परीक्षा फार सोपी होते, असा मुख्य आक्षेप होता. तो मान्य करून क्लेव्हरडन ह्यांनी दुसरा प्रयोग अधिक काटेकोरपणे रचला. ह्या वेळी १,४०० लेखांचा लहान संग्रह घेतला. ज्या संशोधकांनी लेख लिहिले होते त्यांनाच, आपणांस संशोधनाच्या वेळी कोणते प्रश्न पडले होते, असे विचारले. प्रत्येक प्रश्नास संग्रहातील कोणते लेख उपयोगी आहेत, हे आधी विद्यार्थ्यांकडून चाळून घेतले व नंतर प्रश्नकर्त्यांकडूनच ठरवून घेतले. अशा रीतीने उत्तरपत्रिका आधी तयार झाली आणि मग नोंदीच्या ३३ प्रकारांची परीक्षा घेण्यात आली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सर्वांनाच चकित केले. तज्ज्ञांनी कष्टाने बनविलेल्या गुंतागुंतीच्या परिभाषेपेक्षा लेखातील साधे सुटे शब्द अधिक उपयोगी ठरले; आणि त्यांतही एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एकत्र धरणारी पद्धती अग्रस्थानी आली.

मापनाचे दोन गज

क्रॅनफील्डच्या प्रयोगातून शोधाच्या मापनाचे दोन गज रूढ झाले. शिक्षकाने ते नीट समजून घ्यावेत.

पहिला गज : जे सापडावयास हवे होते त्यांपैकी किती सापडले? ह्यास 'प्राप्तीचे प्रमाण' म्हणू.
दुसरा गज : जे सापडले त्यांपैकी कामाचे किती? ह्यास 'अचूकतेचे प्रमाण' म्हणू.

ह्या दोहोंचे नाते तराजूच्या पारड्यांसारखे आहे. जाळे मोठे टाकावे तर हवे ते बहुतेक सापडते, पण निरुपयोगीही पुष्कळ येते. जाळे आवळावे तर निरुपयोगी कमी होते, पण हवे तेही निसटते. दोन्ही प्रमाणे एकाच वेळी वाढविणे, हेच ह्या शास्त्रातील संशोधकांचे ध्येय राहिले आहे.

पुढे केंब्रिज येथील संशोधिका कॅरन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ साली एक साधा पण महत्त्वाचा विचार मांडला. जो शब्द संग्रहातील बहुतेक लेखांत येतो, तो शोधास फारसा उपयोगी नसतो. जो थोड्याच लेखांत येतो, तो अधिक उपयोगी असतो. म्हणून दुर्मिळ शब्दास अधिक वजन द्यावे. 'पाणी' हा शब्द भूगोलात, शेतीत, स्वयंपाकात सर्वत्र भेटतो. 'तुरटी' हा क्वचितच भेटतो. 'तुरटी' शोधणारा वाचक म्हणूनच लवकर मुक्कामी पोहोचतो. शोधयंत्रांच्या रचनेत हा विचार पुढे फार उपयोगी पडला.

मराठीच्या दृष्टीने ह्यात आणखी एक मुद्दा आहे. आपल्या भाषेत शब्दास विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते : पाणी, पाण्यात, पाण्याने, पाण्यासाठी. अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्रास 'पाणी' आणि 'पाण्यात' हे दोन परके शब्द वाटतात. भारतीय भाषांतील शोधाच्या परीक्षेसाठी २००८ साली क्रॅनफील्डच्याच धर्तीवर जो उपक्रम सुरू झाला, त्यात मराठी बातम्यांचाही संग्रह होता. शब्दांची रूपे मूळ रूपाशी जोडली असता मराठीतील शोध सुधारतो, असे ह्या प्रकारच्या अभ्यासांत दिसून आले. व्याकरणाच्या तासाला शिकविले जाणारे सामान्यरूप ह्या आधुनिक शास्त्रात असे कामास येते.

शोधणारे यंत्र आणि रचणारे यंत्र

आतापर्यंत वर्णन केलेली यंत्रे शोधणारी होती. ती लेख दाखवीत. वाचून निर्णय घेण्याचे काम वाचकाचे असे. आज मोबाईलमधून उत्तर देणारे यंत्र निराळ्या जातीचे आहे. त्यास प्रचंड प्रमाणात मजकूर पुरवून, एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे ओळखण्याचा सराव करविलेला असतो. २०१७ साली पुढे आलेल्या एका नव्या रचनेमुळे ह्या यंत्रांचे सामर्थ्य फार वाढले. असे यंत्र प्रश्न विचारताच संभवनीय शब्दांची माळ गुंफते. ती माळ बहुधा अर्थपूर्ण व पुष्कळदा बरोबरही असते. परंतु केवळ ह्या रीतीने उत्तर रचताना यंत्राने कोणत्याही कपाटातून ग्रंथ काढून पाहिलेला नसतो. ग्रंथाचे नाव व पृष्ठांक हेही शब्दच असल्याने तेही असेच गुंफले जाऊ शकतात. म्हणूनच अस्तित्वात नसलेला ग्रंथ आधार म्हणून पुढे येतो.

ही भीती काल्पनिक नाही. २०२३ साली न्यूयॉर्क येथील एका न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राकडून मिळालेले पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी दोघा वकिलांना व त्यांच्या कार्यालयास मिळून ५,००० डॉलर दंड केला. यंत्राचा वापर करण्यात त्यांचा मुख्य दोष नव्हता; दाखला उघडून न पाहता पुढे करणे हा तो दोष होता.

ह्या दोषावर संशोधकांनी काढलेला उपाय ग्रंथालयाकडेच परत नेणारा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत यंत्र प्रथम एका संग्रहात शोध घेते, सापडलेला मजकूर समोर ठेवते आणि मग उत्तर रचते. अशा यंत्रास आपल्या उत्तराचा आधारही दाखविता येतो. ह्यामुळे चुका कमी होतात, पण संपत नाहीत. कारण चुकीचा मजकूर सापडू शकतो, किंवा बरोबर सापडलेला मजकूर चुकीच्या रीतीने सांगितला जाऊ शकतो. क्रॅनफील्डचे दोन्ही गज येथेही लागू पडतात, आणि त्यांच्या जोडीस तिसरा प्रश्न येतो : सांगितलेले वाक्य त्या आधारात खरोखर आहे काय?

वर्गातील पाठ

इयत्ता : पाचवी ते सातवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : ३० चिठ्ठ्या, फळा, खडू.

पूर्वतयारी : शिक्षकांनी पाठ्यपुस्तके व शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके ह्यांतून एकेक वाक्य घेऊन ३० चिठ्ठ्या कराव्यात. चिठ्ठीच्या पुढील बाजूस क्रमांक व वाक्य आणि मागील बाजूस पुस्तकाचे नाव व पृष्ठ लिहावे. पाण्याचा उल्लेख अनेक चिठ्ठ्यांत असावा, पण पाणी शुद्ध करण्याविषयीच्या चिठ्ठ्या पाचच असाव्यात. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे ठेवावा : (१) पाणी उकळून थंड करावे. (२) पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे. (३) पाणी निवळू देऊन वरचे स्वच्छ पाणी ओतून घ्यावे. (४) गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. (५) विहिरीत ठरलेल्या प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाकावी. उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक अशी असावी : भात शिजविण्यासाठी पाणी उकळत ठेवले.

पहिली पायरी : 'पाणी शुद्ध कसे करावे?' हा प्रश्न फळ्यावर लिहावा. ज्या चिठ्ठीत 'पाणी' हा शब्द जसाच्या तसा आहे तेवढ्याच चिठ्ठ्या एका गटाने निवडाव्यात. समजा, १० चिठ्ठ्या निघाल्या व त्यांत कामाच्या ३ आहेत. तर प्राप्ती ५ पैकी ३, म्हणजे शेकडा ६०. आणि अचूकता १० पैकी ३, म्हणजे शेकडा ३०. शेकडेवारीची ही उदाहरणे मुलांनीच फळ्यावर सोडवावीत.

दुसरी पायरी : आता 'पाण्यात', 'पाण्याने', 'पाण्यासाठी' ही रूपेही धरावीत. समजा, १६ चिठ्ठ्या निघाल्या. तुरटीची चिठ्ठी आता हाती येते, म्हणून कामाच्या ४ होतात. प्राप्ती शेकडा ८० वर जाते, पण अचूकता शेकडा २५ वर उतरते.

तिसरी पायरी : 'पाणी' ह्या शब्दाच्या कोणत्याही रूपाबरोबर 'उकळणे' किंवा 'गाळणे' ह्यांचे एखादे रूप असलेल्या चिठ्ठ्याच घ्याव्यात. तीन चिठ्ठ्या निघतील. त्यांत कामाच्या २ व भाताची १. प्राप्ती शेकडा ४०, अचूकता सुमारे शेकडा ६७. पारडी कशी वरखाली होतात, हे मुलांच्या ध्यानी येईल.

ब्लीचिंग पावडरची चिठ्ठी तिन्ही वेळा निसटते, कारण तीत पाणी हा शब्दच नाही. ती कोणाला सापडेल, असे विचारावे. विहिरीत औषध टाकताना ज्या मुलाने पाहिले असेल तो पुढे येईल. विषय जाणणाऱ्या ग्रंथपालाचे महत्त्व येथे सहज सांगता येते. ग्रंथपाल आपल्या सूचीत 'ब्लीचिंग पावडर' ह्या नोंदीपुढे 'पाण्याचे शुद्धीकरण पाहा' अशी सूचना लिहून ठेवतो, ती ह्याचसाठी.

चौथी पायरी : ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. शिक्षकांनी आधीच लिहून ठेवलेले एक उत्तर सावकाश वाचून दाखवावे : "पिण्याचे पाणी उकळून थंड करावे (चिठ्ठी क्रमांक ६). ते दुहेरी फडक्यातून गाळावे (चिठ्ठी क्रमांक ११). पाण्यात तुरटी फिरविल्याने सर्व रोगजंतू मरतात (चिठ्ठी क्रमांक ३७)." ६ व ११ हे क्रमांक आपल्या चिठ्ठ्यांप्रमाणे बदलून घ्यावेत. नंतर प्रत्येक वाक्याची चिठ्ठी शोधण्यास सांगावे. पहिल्या दोन वाक्यांच्या चिठ्ठ्या सापडतात. सदतिसावी चिठ्ठी सापडत नाही, कारण चिठ्ठ्या तीसच आहेत. तुरटीची खरी चिठ्ठी काढून वाचली म्हणजे तीत जंतू मरण्याविषयी काहीच नाही, असे दिसते. मग चुकीचे वाक्य फळ्यावर लिहून त्यावर रेघ मारावी व त्याखाली बरोबर वाक्य लिहावे : तुरटीने गाळ बसतो, जंतू मारण्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात ठरलेल्या प्रमाणात क्लोरीनचे औषध टाकावे. पाठ संपण्यापूर्वी ही दुरुस्ती सर्व मुलांच्या वहीत उतरली पाहिजे, अन्यथा कानावर पडलेले चुकीचे वाक्यच लक्षात राहण्याचा संभव असतो.

ह्या पाठानंतर वर्गात एक नियम करावा. माहिती पुस्तकातून घेतलेली असो, वडील माणसाकडून ऐकलेली असो वा यंत्राने सांगितलेली असो, ती कोठून घेतली हे वहीत तिच्याखाली लिहावे. आणि यंत्राने आधार दिला असल्यास तो उघडून पाहिल्यावरच लिहावा. आधार न सापडल्यास तसे स्पष्ट लिहावे. असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत.

शाळेच्या ग्रंथालयाविषयी

आधार तपासा, असे मुलांना सांगावयाचे तर तपासण्यासारखे काही त्यांच्या हाताशी असले पाहिजे. कुलूपबंद कपाटातील ग्रंथ ह्या कामी निरुपयोगी होत. दाखल नोंदवहीत पुस्तकांची संख्या पूर्ण असणे हे तपासणीसाठी ठीक आहे; परंतु पुस्तक मुलांच्या हाती जाते की नाही, हे देवघेव नोंदवहीवरून कळते. म्हणून शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या साहाय्याने आपल्या संग्रहाची एक साधी विषयसूची करावी. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांची कार्डे कापावीत. प्रत्येक कार्डावर विषय, पुस्तकाचे नाव, पृष्ठ व कपाटातील जागा लिहावी आणि कार्डे अकारविल्हे लावून खोक्यात ठेवावीत. दर शनिवारी पाच पुस्तके घेतली, तर शंभर पुस्तकांची सूची वीस शनिवारांत पुरी होते. ज्या मुलाने असे कार्ड स्वतः लिहिले आहे, त्याला आधार म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यास ह्या रीतीने मार्गदर्शन करावे. त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही, कारण उत्तर शोधण्याची त्याची उत्सुकता चांगलीच आहे. त्याला कपाटापाशी न्यावे, तुरटीविषयीचे पुस्तक काढून द्यावे व तो परिच्छेद त्याच्याकडून वर्गापुढे वाचून घ्यावा. त्या संध्याकाळी घरी जाऊन, केवळ तुरटी फिरविलेले पाणी पिऊ नये, ते उकळावे, एवढे त्याने आईस सांगितले तरी ह्या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एक विषय (उदा. सर्पदंश, बियाण्यांची निवड, गावातील जुने तळे) घेऊन वरील पद्धतीने ३० चिठ्ठ्या तयार करा.
२. चिठ्ठ्यांपैकी कामाच्या कोणत्या, हे दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे ठरवा. मतभेद कोठे झाला व का, ते नोंदवा.
३. 'शेत', 'विहीर', 'बी' ह्या शब्दांची सामान्यरूपे व त्यांपासून होणारी रूपे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्या. कोणते रूप मूळ शब्दावरून अक्षरे जुळवून ओळखणे यंत्रास अवघड जाईल, ह्याची चर्चा करा.
४. यंत्राने दिलेले एक उत्तर घ्या. त्यातील प्रत्येक वाक्यापुढे 'आधार सापडला', 'आधार सापडला नाही' किंवा 'आधार निराळे सांगतो' असा शेरा लिहा व केंद्रशाळेच्या पुढील सभेत तो वाचून दाखवा.